गैरहजर पक्षकार

हुसैनारा खातून हे नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. १९७९, बिहार, कच्चे कैदी, जलद सुनावणीचा हक्क, घटनेतलं जगण्याच्या हक्काचं कलम २१. पाच मार्कांचं उत्तर तयार. ती बाई कोण होती, काय काम करायची, घरी कोण होतं, हे परीक्षेत येत नाही आणि निकालपत्रातही येत नाही. तिथं तिचं नाव शीर्षकापुरतं आहे. तरीही या देशात गरिबांसाठी सर्वोच्च न्यायालयाचं दार ज्या खटल्यानं उघडलं, जनहित याचिका ज्यातून सुरू झाली, तो हाच, असं आम्ही वकील मंडळी मानतो.

के. एफ. रुस्तमजी हे पोलीस खात्यातलं मोठं नाव. नागपूरजवळच्या कामठीत जन्म, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारमधल्या तुरुंगांत फिरले आणि जे पाहिलं ते जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिलं. दिल्लीतल्या वकील कपिला हिंगोरानी यांनी त्या लेखांच्या आधारे थेट सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसांना कोर्टापुढे आणण्याचा, अर्ज केला. खटला उभाच न राहता लोक वर्षानुवर्षं आत होते. कित्येकांवरचे आरोप असे, की गुन्हा सिद्ध होऊन कमाल शिक्षा झाली असती तरी ती भोगून ते केव्हाच घरी गेले असते. काही बायका तर आरोपीही नव्हत्या. कुणी गुन्ह्याची बळी, कुणी साक्षीदार, आणि सरकारनं त्यांना ‘संरक्षणासाठी’ तुरुंगात ठेवलेलं.

मी तालुका पातळीवर वकिली करते. आमच्याकडे वकीलपत्रावर पक्षकाराची सही किंवा अंगठा नसेल तर कारकून फाईल हातातसुद्धा देत नाही. ते बरोबरच आहे. नाहीतर कुणीही उठून कुणाच्याही नावानं उभं राहील. हिंगोरानींना यातल्या कुणी वकील नेमलेलं नव्हतं. ना त्या कैद्यांना ओळखत होत्या, ना कैदी त्यांना. तरी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठानं तो अर्ज ऐकला, बिहार सरकारकडून कैद्यांचे तक्ते मागवले, माणसं जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायला लावली. या खटल्यामुळे सुमारे ४० हजार कच्चे कैदी सुटले असं सांगितलं जातं. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच कोर्टात यावं, हा जुना दंडक इथं सैल झाला. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात त्याला रीतसर तत्त्वाचं रूप मिळालं: गरिबीमुळे किंवा सामाजिक दुबळेपणामुळे जो स्वतः येऊ शकत नाही, त्याच्या वतीनं कुणीही चांगल्या हेतूनं येऊ शकतो. हीच जनहित याचिका. गंमत म्हणजे तो खटला गरिबांचा नव्हताच. न्यायाधीशांच्या नेमणुका-बदल्यांचा होता आणि आणला होता वकिलांनी.

या सगळ्या इतिहासात मला राहून राहून एकच गोष्ट दिसते. जनहित याचिकेत ज्याच्यासाठी भांडण चाललेलं असतं, तोच गैरहजर असतो. त्याला आत यायची सक्ती उठली म्हणून तर हे दार उघडलं. तुरुंगातून पत्र आलं, त्याची याचिका झाली. फरीदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चानं न्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीही याचिका झाली. खाणीतल्या मजुरानं वकील गाठायचा, स्टॅम्प घ्यायचा, दिल्लीला जायचं, असा आग्रह धरला असता तर तो मजूर मरेपर्यंत दगडच फोडत राहिला असता. म्हणजे त्याचं गैरहजर असणं हेच या याचिकेचं बळ. पण तिचे निम्मेअधिक घोळही मला याच जागेवरून निघालेले दिसतात.

मुंबईचंच उदाहरण घ्या. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका. ओल्गा टेलिस पत्रकार. आणखी काही संघटनांनी आणि स्वतः फुटपाथवर राहणाऱ्या काही माणसांनी याचिका केल्या होत्या. त्या माणसांची माहिती निकालात आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. एक जण तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. १९६१ मध्ये मुंबईत आलेला, दहिसरच्या केमिकल कंपनीत दिवसाला २३ रुपयांवर काम. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला प्लास्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा, त्यासाठी झोपडपट्टीदादाला दिलेले अडीच हजार रुपये, आत बायको आणि तीन मुली. दुसरा आपल्या संगमनेरचा. गावी चांभारकाम, दिवसाला सात-आठ रुपये. गावातलं घर पडलं म्हणून १९६९ मध्ये मुंबईला आला, बदली कामगार झाला, तुळशीवाडीला फुटपाथवर जागा मिळाली म्हणून नशीबवान ठरला. त्या जागेसाठी गुंडाला ३०० रुपये आणि बांबू-प्लास्टिकला ७००. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं, की फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या मुलखात पाठवायचं. ऐन पावसाळा. २३ जुलैला सेलमच्या त्या मजुराची झोपडी तोडली आणि कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो कामाच्या शोधात परत मुंबईला आला आणि पुन्हा फुटपाथवरच.

निकाल लागला १० जुलै १९८५ ला. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठासाठी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तो लिहिला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, माणसाचं जगणं हिरावायचं असेल तर त्याची रोजी काढून घेणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. पुढच्या चाळीस वर्षांत देशातल्या जवळपास प्रत्येक कोर्टात हे वाक्य उद्धृत झालं असेल. मी स्वतः हातगाडीवाल्यांच्या एका दाव्यात ते वापरलं आहे.

त्याच निकालाचा शेवट मात्र वर्गात क्वचितच शिकवला जातो. फुटपाथ चालण्यासाठी असतात, तिथं राहण्याचा हक्क कुणाला नाही, झोपड्या काढण्याचा पालिकेचा अधिकार वैध आहे. १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा द्या. बाकीच्यांना पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हात लावू नका. संगमनेरच्या माणसाच्या हाती त्या ऐतिहासिक निकालातून पडलं ते एवढंच: एक पावसाळा. तत्त्व राहिलं ओल्गा टेलिसच्या नावावर. मी त्यांना बोल लावत नाही, त्या नसत्या तर पावसाळाही मिळाला नसता. पण खटला जिंकला की हरला, याचं उत्तर तुम्ही कोर्टात बसून देता की तुळशीवाडीच्या फुटपाथवर, यावर बरंच अवलंबून असतं.

पुढं दहा वर्षांनी तेच हत्यार उलटं फिरलं. १९९५ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवण्यासाठी एका पर्यावरणवादी संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, जनहित याचिकाच. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. शहराच्या कुशीतलं जंगल वाचवायचं होतं. ७ मे १९९७ ला न्यायालयानं झोपड्या हटवण्याचे आदेश दिले आणि पुढच्या काही वर्षांत तिथली हजारो घरं पडली. पात्र ठरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं पुनर्वसन चांदिवलीला झालं, बाकीचे कुठं पांगले त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. ज्यांची घरं जाणार होती, ते मूळ याचिकेत पक्षकार असण्याची गरज नव्हती. दार सैल केलं होतं ते दुबळ्यासाठी, पण सैल दार कुणालाही ढकलता येतं. दिल्लीत तर कळस झाला. शहरातल्या घनकचऱ्याबद्दलच्या जनहित याचिकेत फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला पर्यायी जागा देणं म्हणजे पाकीटमाराला बक्षीस देणं. ज्या न्यायालयानं पंधरा वर्षांपूर्वी रोजीला जगण्याचा भाग मानलं, त्याच न्यायालयाचं हे वाक्य. कचऱ्याच्या खटल्यात झोपडीवाल्याच्या वतीनं उठून ‘साहेब, एक मिनिट’ म्हणणारं कुणी असतं, तर ते इतक्या सहज लिहिलं गेलं असतं का?

शीला बारसे यांच्या खटल्यांकडे येते, कारण गैरहजेरीचा प्रश्न तिथं सगळ्यात उघडा पडतो. बारसे मुंबईच्या पत्रकार. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या १५ स्त्री कैद्यांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंच्या पत्राची सर्वोच्च न्यायालयानं याचिका केली आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन चौकशी करायला सांगितलं. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात आदेश आले: स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तिथं महिला पोलीस, अटक झाली की लगेच कायदेविषयक मदत समितीला कळवायचं, नातेवाइकाला कळवायचं, हजर केलेल्या आरोपीला मॅजिस्ट्रेटनं विचारायचं की मारहाण झाली का. आज रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेट जो प्रश्न पुटपुटतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’, त्याच्या मुळाशी हा निकालही आहे. त्यात एक लाजिरवाणा तपशील आहे. तुरुंगातल्या दोन परदेशी स्त्रियांना एका वकिलानं फसवलं होतं, त्यांचे दागिने आणि सामान लाटलं होतं. गरिबाला न्याय मिळत नाही म्हणताना आम्ही काळ्या कोटातली माणसं पोलीस आणि सरकार यांच्याकडे बोट दाखवतो, तेव्हा मला ही ओळ आठवते.

पुढं बारसेंनी तुरुंगात डांबलेल्या मुलांचा प्रश्न हाती घेतला. १९८६ मध्ये आदेशही मिळाले. मग तारखा सुरू झाल्या. कुठल्या राज्याचं प्रतिज्ञापत्र नाही, कुठल्या जिल्हा न्यायाधीशाचा अहवाल नाही, पुढची तारीख. बारसे स्वतः उभ्या राहून बाजू मांडत होत्या. अखेर वैतागून त्यांनी याचिका मागे घेण्याचा अर्ज केला. १९८८ मध्ये न्यायालयानं तो नाकारला. जनहित याचिका तुमच्या मालकीची नाही, तुम्हाला जायचं तर जा, खटला चालू राहील. त्यांचं नाव काढलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या कायदेविषयक मदत समितीकडे तो सोपवला.

कायद्यानं हे बरोबर आहे असं माझं मत आहे. दिवाणी दाव्यात वादी कंटाळला तर दावा संपतो. इथं वादी कंटाळला म्हणून तुरुंगातल्या पोरांचा हक्क कसा संपेल? पण बारसेंवर अन्याय झाला असंही मला वाटतं. सरकारी यंत्रणा तारखा पाडत होती आणि निघून जावं लागलं ते तुरुंगांत फिरून माहिती गोळा करणाऱ्या बाईला. आणि ज्यांचा खटला, त्या मुलांना यातलं काहीही कळलं नाही. आपली बाजू मांडणारी बाई गेली आणि एक समिती आली, हे त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची कुणाला गरजही वाटली नाही.

जनहित याचिकांच्या गैरवापराबद्दल इतकं लिहिलं जातं, की मी थोडक्यात आटोपते. प्रसिद्धीसाठी, धंद्यातला हिशोब चुकता करण्यासाठी, राजकीय प्रतिस्पर्ध्याला अडकवण्यासाठी याचिका होतात. २०१० मध्ये बलवंतसिंग चौफल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चाळण्या लावल्या, मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी स्वतःचे नियम केले. चांगलं झालं. खोट्या याचिकेला दंड होतोच. मला काळजी आहे ती खऱ्या, प्रामाणिक, जिंकलेल्या याचिकांची.

गटारात आणि मैलाटाकीत उतरून मरणाऱ्यांचंच बघा. सफाई कर्मचारी आंदोलनानं २००३ मध्ये याचिका केली. २७ मार्च २०१४ ला निकाल: १९९३ पासून अशा प्रत्येक मृत्यूसाठी कुटुंबाला १० लाख रुपये. अर्ज-विनंती नाही, सरकारनंच कुटुंबं शोधून द्यायचे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीची मैलाटाकी साफ करताना तीन जण मेले. निकाल येऊन पाच वर्षं झाली होती. तरी त्या तिघांच्या विधवांना पैशांसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि २०२१ मध्ये न्यायालयानं जिल्हाधिकाऱ्यांना रक्कम द्यायला सांगितली तेव्हा ते हलले. दिल्लीत जिंकलेल्या खटल्याचे पैसे मुंबईत मिळवायला दुसरा खटला. यावेळी त्या बायका स्वतः पक्षकार होत्या, वकीलपत्रावर त्यांच्या सह्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही भरपाई ३० लाखांवर नेली. आकडा वाढला हे बरंच आहे. पण २०१४ चा आदेश मोडला तो रक्कम कमी होती म्हणून नाही. मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन ‘बाई, हे तुमचे पैसे, इथं सही करा’ म्हणण्याचं काम कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं.

मेळघाटातल्या कुपोषणाच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात २००७ पासून आहेत. तेव्हा जन्मलेली मुलं आता मतदार झाली. तेवढ्या काळात डॉक्टरांच्या रिक्त जागांची प्रतिज्ञापत्रं, समित्यांचे अहवाल, सचिवांना हजर राहण्याचे आदेश, सगळं झालं. न्यायालयानं दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. पण धारणीच्या आईला मुंबईतली तारीख कळत नाही, आणि आश्वासन दिलेला डॉक्टर आला नाही, हे तिला दिसतं ते मुंबईला पुढच्या तारखेपर्यंत कळत नाही.

याच्या उलट घडलेलं एक उदाहरण आहे, ते अन्नाच्या हक्काचं. एप्रिल २००१ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं याचिका केली, तेव्हा सरकारी गोदामं धान्यानं भरली होती आणि राजस्थानात दुष्काळ होता. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानं शाळेत शिजवलेलं जेवण मिळणं हा मुलांचा हक्क झाला. तोवर बहुतेक राज्यं कोरडं धान्य वाटून मोकळी होत. हा आदेश तगला, कारण न्यायालयानं आयुक्त नेमले, एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन. दोघेही सनदी सेवेतून आलेले, त्यामुळे फाईल कुठं लपवतात हे त्यांना पाठ. आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांना त्यांच्याकडे थेट तक्रार पाठवता येत होती. अमुक शाळेत तीन महिने चूल पेटली नाही, असं पत्र आयुक्तांना गेलं की राज्याच्या सचिवाला खुलासा द्यावा लागे. बारा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याचा कायदा झाला. या खटल्यात पक्षकार हजर होता, असं मी म्हणेन. कोर्टात नव्हता, पण त्याच्या ताटात आज काय पडलं ते कोर्टापर्यंत पोहोचत होतं.

आता माझ्या रोजच्या कामाकडे. मी विधी सेवा समितीच्या पॅनलवर आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘फुकटची वकीलबाई’. घटनेतलं मोफत कायदेविषयक मदतीचं कलम ३९अ १९७६ मध्ये आलं, विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ चा आणि तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग, आपत्तीग्रस्त आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा. बाईला उत्पन्नाची अट नाही, हे मी दर शिबिरात सांगते आणि दर वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, ‘मग उत्पन्नाचा दाखला कुठून आणू?’ दाखल्याशिवाय सरकार काही देतं यावर लोकांचा विश्वास नाही. तो अनुभवानं गेलेला आहे. फुकटच्या वकिलावरही नाही. त्यात लोकांची चूक म्हणाल तर निम्मीच. पॅनलचं मानधन किती आणि कधी मिळतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तरुण वकील ही कामं का टाळतात तेही ठाऊक आहे.

एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. चार घरची धुणीभांडी. मुलगा मोबाईलचोरीच्या गुन्ह्यात आत. जामीन झालेला होता, आदेशाची प्रत त्यांच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली, घडीवर फाटायला आलेली. १५ हजारांचा एक जामीनदार द्या, मुलगा सोडा. जामीनदार म्हणजे सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, फोटो आणि कोर्टात उभं राहण्याची तयारी. मावशी भाड्याच्या खोलीत. भावाची दोन एकर जमीन होती, पण दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या तलाठ्याकडून ताजा उतारा, मग पडताळणी, मग भावाचे दोन दिवसांचे खाडे. ज्यांच्याकडे काम करत त्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, तुझ्यासाठी काही नाही गं, पण तुझं पोरगं पळालं तर नोटीस मला येईल.’ त्यांचंही खोटं नव्हतं.

मावशींनी मला विचारलं, ‘वकीलबाई, साहेबांनी सोडलंय म्हणता, मग त्याला धरून कुणी ठेवलंय?’

याचं उत्तर १९७८ मध्येच दिलेलं आहे. मोतीराम नावाचा मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला. मॅजिस्ट्रेटनं १० हजारांचा जामीनदार मागितला आणि जामीनदार म्हणून आलेल्या भावाला नाकारलं, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर चांगलंच झोडपलं आणि गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. मी तो निकाल जोडून अर्ज केला. जातमुचलका आणि काही आठवडे रोख जामीन, असा आदेश मिळाला. पण मोतीरामचा खटला मावशींना कसा कळावा? तो इंग्रजीत आहे, ग्रंथालयात आहे, आणि त्याच्या वापरासाठी कुणीतरी वकील लागतो ज्याला तो माहीत आहे आणि त्या दिवशी सवड आहे. निकाल देशाचा कायदा असतो, घटनेच्या कलम १४१ प्रमाणे. तो तालुक्याच्या कोर्टात आपोआप उगवत नाही, त्याचा दर वेळी अर्ज करावा लागतो.

म्हणून मला मोठ्या तत्त्वांपेक्षा छोट्या यंत्रणेचे आदेश जास्त महत्त्वाचे वाटू लागले आहेत. १९७८ च्याच हॉसकोट खटल्यात, जो आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि लगेच द्या आणि त्याची पोच घ्या. का, तर त्या प्रकरणात १९७३ च्या निकालाची प्रत कैद्याला १९७८ मध्ये मिळाल्याचं सांगितलं गेलं. पोच घ्या, हे दोन शब्द मला एखाद्या हक्कावरच्या पन्नास पानांएवढे मोलाचे वाटतात. तसाच सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश. जामीन झाला की आदेशाची प्रत ई-मेलनं तुरुंगाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आणि त्यांनी तुरुंगात माणूस पाठवायचा. त्याच वर्षी केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी योजनाही आली, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत. मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा यातलं काही नव्हतं.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसानं कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं. काही गुन्हे आणि काही परिस्थिती वगळून. सर्वोच्च न्यायालयानं त्याच ऑगस्टमध्ये सांगितलं की जुन्या प्रकरणांनाही हे लागू करा. हे सांगितलं गेलं तुरुंगांतल्या अमानुष परिस्थितीवरच्या एका जनहित याचिकेत, जी २०१३ मध्ये एका पत्रातून सुरू झाली. पत्र लिहिणारे होते निवृत्त सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी. देशाच्या माजी सरन्यायाधीशालाही तुरुंगाबद्दल काही करायचं तर पत्रच लिहावं लागलं. कलम ४७९ मध्ये मला आवडलेली गोष्ट ही, की मुदत भरली की कोर्टात अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे. कैद्यानं मागायची वाट पाहायची नाही.

पण तारखा मोजायला माणूस लागतो. अटकेची तारीख एका कागदावर, लावलेली कलमं दुसऱ्यावर, दुसऱ्या गुन्ह्यातलं वॉरंट तिसऱ्यावर, आणि नाव तिन्हींवर वेगवेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं. पारधी वस्तीतल्या पोराचं नाव पोलिसांनी ऐकून लिहिलेलं असतं. तीन कागद एकाच माणसाचे आहेत हे शोधण्यात आमचा अर्धा वेळ जातो.

मला विचाराल तर प्रत्येक जनहित याचिकेच्या प्रार्थनेत शेवटी एक कलम हवं: ज्यांच्यासाठी हा आदेश आहे त्यांची नावनिहाय यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं करावी, आदेशाचा मराठीतला सारांश प्रत्येकाला देऊन पोच घ्यावी, आणि सहा महिन्यांनी कुणाला काय मिळालं ते त्याच यादीत भरून न्यायालयात सादर करावं. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे सांगितलं तर ते हसले. ‘तू याचिका मागतेस की तलाठ्याचं रजिस्टर?’ रजिस्टरच मागते आहे. यादी मागितली की सरकारी वकील मुदत मागतात, दोन-तीन तारखा जातात, मग ती येते, अर्धी चुकीची येते. तरी चालेल. सात दिवसांच्या त्या आदेशामुळे आमच्या कार्यालयात तुरुंगातून ई-मेल येऊ लागले आहेत: नाव, गुन्हा क्रमांक, जामिनाची रक्कम, आदेशाची तारीख आणि शेवटच्या रकान्यात न सुटण्याचं कारण. बहुतेक वेळा तिथं लिहिलेलं असतं, ‘जामीनदार नाही’. एवढं कळलं की त्या दिवशीचं काम ठरतं.